डिस्कचे दप्तर

विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आणल्यामुळे, ज्या घरांत मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक अद्यापि धडधाकट आहे, त्या घरांपुढे विंडोज ११ अथवा लिनक्स यांपैकी काहीतरी त्यावर बसविण्याचा प्रश्न उभा राहिला आहे. आणि वसई रोडपासून विरारपर्यंत स्थानकाबाहेरच्या एखाद्या दुकानात हा प्रश्न नेला, की ‘फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर मिळण्याचाच संभव अधिक. उत्तर सोपे आहे खरे. परंतु अर्ध्या वाटेवर ‘या डिस्कवर विंडोज बसविता येत नाही’ अशा आशयाचा शेरा पडद्यावर उमटतो, तेव्हा डिस्क बिघडली असे समजण्याचे बहुधा कारण नसते. बिघाड असतो तो तिच्या दप्तरात.

आगाशीच्या केळीच्या वाडीची भावाभावांत वाटणी झाली, तरी माती जिथल्या तिथेच राहते आणि बदलतो तो तलाठ्याकडचा सातबारा. तद्वत डिस्कचे विभाग म्हणजे तिचे तुकडे नव्हेत, तर अमुक विभाग कोठून सुरू होतो आणि किती लांब आहे याची तिच्या आरंभीच ठेवलेली नोंद होय. या नोंदीची जुनी पद्धत, एमबीआर, आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरवर १९८३ साली डॉस २.० बरोबर आली. ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरात चार खात्यांपुरते अवघे ६४ बाइट. पाचवा विभाग हवा असल्यास एका खात्याचे पोटहिस्से करणे भाग. नेहमीच्या सेक्टरांच्या हिशेबाने सुमारे दोन टेराबाइटांपलीकडची जागा मोजणीतच येत नाही. आणि एवढ्या महत्त्वाच्या कागदाची दुसरी नक्कल कोठेही नाही. त्यानंतर आलेल्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ विभागांची सोय असते व डिस्कच्या अखेरीस नोंदीची नक्कल ठेवलेली असते. माझ्या मते विभागांच्या संख्येपेक्षा ही नक्कलच तिची खरी थोरवी.

आता मूळ तंट्याकडे वळू. यंत्र सुरू करण्याच्याही दोन रीती आहेत, जुनी बायॉस आणि नवी यूईएफआय. पेनड्राइव्हवरून यूईएफआय रीतीने यंत्र सुरू केले आणि डिस्कचे दप्तर एमबीआरचे निघाले, तर विंडोज तेथे पाऊल ठेवत नाही; उलट बाजूनेही तोच नकार मिळतो. विंडोज ११ यूईएफआयचाच आग्रह धरीत असल्याने जुन्या रीतीकडे परतण्यातही हशील नाही. मग दुकानदार शिफ्ट आणि एफ१० या कळा दाबून डिस्कपार्ट हे विभागांचे साधन उघडतो, ‘क्लीन’ हा हुकूम देतो आणि ‘कन्व्हर्ट जीपीटी’ करून मोकळा होतो. उपाय अचूक आहे. मात्र ‘क्लीन’ एका विभागापुरते नसते, सी ड्राइव्हबरोबर त्याच डिस्कवरील डी ड्राइव्हचीही नोंद त्यात जाते. यास्तव ‘लिस्ट डिस्क’ने आकारमान पाहून आपण नेमक्या कोणत्या डिस्कवर हुकूम चालवीत आहोत याची रुजवात आधी घ्यावी. जुनी विंडोज अजून चालत असेल, तर २०१७ पासून विंडोज १० मध्ये असलेले एमबीआर२जीपीटी हे साधन माहिती न पुसता दप्तर बदलून देते. त्याची एक अट अशी, की मुख्य विभाग तीनपेक्षा अधिक नसावेत.

‘नवा विभाग करता आला नाही वा असलेला सापडला नाही’ हा दुसरा शेरा पुष्कळदा एकाहून अधिक डिस्का जोडलेल्या असल्याने येतो. नको त्या काढून पुन्हा प्रयत्न करावा. इंटेलच्या काही नव्या लॅपटॉपवर डिस्क दिसतच नाही, तेव्हा स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. लिनक्स शेजारी बसवायचे असेल, तर विंडोजचे फास्ट स्टार्टअप आधी बंद करावे आणि बिटलॉकरची किल्ली लिहून ठेवावी.

वसई-विरारकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा जलमय झाले, तेव्हा विजेवाचून राहणे म्हणजे काय हे येथे पुरते कळले. आणि विभागांचा आकार बदलण्याचे काम चालू असता वीज गेली, तर नोंद एक सांगते आणि आतली माहिती दुसरीकडेच असते. यूपीएसवाचून, ऐन पावसात हे काम डेस्कटॉपवर करू नये. नोंद चुकून पुसली गेलीच, तर त्या डिस्कवर काहीही न लिहिता टेस्टडिस्क या मोफत साधनाने जुन्या हद्दी शोधाव्यात. त्या अनेकदा सापडतात. परंतु त्यावर नवी प्रणाली बसली असेल, अथवा एसएसडी फॉरमॅट झाली असेल, तर आशा फार थोडी.

म्हणून वाचकांना विनंती, की यंत्र दुकानात देण्यापूर्वी छायाचित्रे आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, ती उघडतात याची खात्री करा, आणि डी ड्राइव्ह राखायचा की नाही हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय फॉरमॅटला संमती देऊ नका.