बोटाच्या एक्स-रेवरचा कोन: ४ अंशांचा फरक खरा की मोजण्यातला?

सांधेदुखी किंवा अपघातामुळे बोटाचा सांधा कामातून गेला, की कधी कधी डॉक्टर दोन्ही हाडं तार किंवा स्क्रूने कायमची जोडतात. हीच फ्यूजन सर्जरी. दुखणं कमी होतं, पण तो सांधा पुन्हा वाकत नाही. म्हणून तो कोणत्या कोनात जोडला, यावर पकड अवलंबून असते. मधल्या सांध्यासाठी तर्जनीला साधारण ४० अंश ठेवतात, करंगळीला ५५च्या आसपास.

आता समजा, सर्जरीनंतर कोन ४० होता आणि दीड महिन्याने ४४ आला. हाड सरकलं का? लगेच घाबरू नका. आधी मोजमाप कसं होतं ते बघू.

दोन्ही हाडांच्या मधोमध एकेक रेषा काढतात आणि त्यांच्यातला कोन मोजतात. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण इथलं गणित सोपं आहे.

छोटं हाड: २० मिलिमीटरच्या रेषेचं एक टोक १ मिलिमीटर हललं, तरी कोन जवळपास ३ अंशांनी बदलतो.

वळलेलं बोट: आमच्या खडकवासल्याच्या धरणाची भिंत समोरून लांबलचक दिसते, कडेने पाहिली की आखूड. एक्स-रेतही तसंच. बोट स्वतःभोवती ३० अंश फिरलेलं असेल, तर ४० अंशांचा कोन ३६च दिसतो.

मोबाइलचा फोटो: झूम केल्याने कोन बदलत नाही. फोन तिरका धरला तर मात्र बदलतो. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर अ‍ॅपने कोन मोजून निष्कर्ष काढू नका.

मग भरवसा कसा तपासायचा? एकाच व्यक्तीने त्याच एक्स-रेवर पुन्हा मोजायचं, आणि दुसऱ्यानेही वेगळं मोजायचं. एकाचं उत्तर दरवेळी ५ अंश जास्त येत असेल, तर दोघांचा सहसंबंध पैकीच्या पैकी, पण एकमत शून्य! १९८६ मध्ये ब्लँड आणि ऑल्टमन यांनी हाच मुद्दा मांडला: सहसंबंध नको, दोन मोजमापांमधला फरक बघा.

थोडक्यात, ४ अंशांचा फरक एकटा काही सिद्ध करत नाही. दोन्ही एक्स-रे एकाच बाजूने, बोट सारखंच ठेवून काढलेत का, आणि कोन एकाच पद्धतीने मोजलाय का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. हाड जुळतंय का आणि स्क्रू जागेवर आहे का, हेही ते बघतीलच. बोट नव्याने दुखू लागलं किंवा वाकडं दिसलं, तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका.