पासपोर्टची मुदत

तुमच्या घरातील लोखंडी कपाटात रेशनकार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक अशी महत्त्वाची कागदपत्रे एका पिशवीत ठेवलेली असतील. त्या पिशवीत कदाचित गडद निळ्या रंगाची एक लहान पुस्तिकाही असेल. आमच्या तीर्थपुरीत आता अशा पुस्तिका बऱ्याच घरांत दिसतात. कोणाचा भाऊ सौदी अरबस्तानात गाडी चालवतो, कोणाची बहीण लग्न होऊन शारजाला गेली आहे, कोणाचे दादा-दादी उमरा करून आले आहेत. ही पुस्तिका म्हणजे पासपोर्ट. सरकारी मराठीत तिला 'पारपत्र' म्हणतात. पण बोलताना सगळे पासपोर्टच म्हणतात, आणि आपणही तसेच म्हणू.

पासपोर्टवर फोटोच्या पानावर एक तारीख छापलेली असते. तिच्यावर हिंदीत 'समाप्ति की तिथि' असे शब्द असतात. त्या दिवशी पासपोर्टची मुदत संपते. 'मुदत' हा शब्द तुम्हांला शिकवण्याची गरज नाही; तो तुमच्या उर्दूतही आहेच. तारीख, अर्ज, दाखला, शिक्का हेही तसेच. सरकारी कामाची मराठी तुम्हांला वाटते तितकी परकी नाही.

मुदत संपेपर्यंत पासपोर्ट चालतो, असे पुष्कळ लोक समजतात. माझ्या मोठ्या खालाही असेच समजत होत्या.

खालांची मुलगी शारजाला राहते. काही वर्षांपूर्वी तिला पहिले बाळ होणार होते. एप्रिलच्या मध्याला बाळंतपण होते, म्हणून खाला आणि खालू मार्चमध्ये जाणार असे ठरले. दोघांचा व्हिसा आला. व्हिसा म्हणजे त्या देशाने दिलेली प्रवेशाची परवानगी. तिकिटे काढली. खालांनी डिंकाचे लाडू केले, जुन्या सुती ओढण्यांची दुपटी शिवली. इतक्यात त्यांच्या सासूबाई अंगणात घसरून पडल्या. म्हाताऱ्या माणसाला तशा अवस्थेत सोडून कसे जायचे? जाणे तीन आठवडे पुढे ढकलले आणि २ एप्रिलची तिकिटे घेतली. व्हिसाची मुदत शिल्लक होती, त्यामुळे कोणालाच काळजी वाटली नाही.

तीर्थपुरीहून जीपने जालना, जालन्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई. विमानतळावर सामान वजन करून घेणाऱ्या मुलीने खालूंचा पासपोर्ट पाहून परत दिला. खालांचा पासपोर्ट तिने यंत्रातून दोनदा फिरवला आणि म्हणाली, "आपल्याला आज जाता येणार नाही. पासपोर्टची मुदत २० सप्टेंबरला संपते. सहा महिने पूर्ण होत नाहीत."

खाला म्हणाल्या, "बेटी, व्हिसा तर आहे ना? आणि सप्टेंबर किती लांब आहे!"

२ एप्रिलपासून २० सप्टेंबरपर्यंत पाच महिने आणि अठरा दिवस होतात. बारा दिवस कमी पडले. व्हिसा मिळाला त्या वेळी सहा महिन्यांहून जास्त मुदत होती. मार्चमध्ये ठरल्या दिवशी निघाल्या असत्या तर कोणी अडवले नसते. खालूंना मात्र जाता येत होते. पण बाळंतिणीजवळ खालू एकटे जाऊन काय करणार? दोघेही लाडवांच्या डब्यासह परत आले. तिकिटाचे निम्म्याहून जास्त पैसे बुडाले. पण खाला पैशांविषयी एक शब्दही बोलल्या नाहीत. मुलीला फोन करून काय सांगायचे, एवढीच त्यांना चिंता होती.

आता तुम्ही विचाराल, की पासपोर्ट भारत सरकारचा, त्यावरची तारीखही भारत सरकारची. मग सहा महिन्यांची ही भानगड कोणी काढली?

याचे उत्तर समजण्यासाठी पासपोर्टचे पहिले पान वाचावे लागते. बहुतेक लोक ते कधीच वाचत नाहीत. त्यावर भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते. पासपोर्ट बाळगणाऱ्या व्यक्तीला अडथळा न करता जाऊ द्यावे व तिला साहाय्य करावे, असा तिचा आशय आहे. लक्षात घ्या, ही विनंती आहे, हुकूम नाही. आपल्या दारातून कोणाला आत घ्यायचे हे दुसरा देश स्वतःच ठरवतो, आणि पासपोर्टची किती मुदत शिल्लक हवी हेही तोच ठरवतो.

त्या देशाला एक भीती असते. पाहुणा महिनाभरासाठी आला आणि आजारी पडला, किंवा विमाने बंद झाली, तर? तेवढ्यात त्याचा पासपोर्ट संपला तर त्याच्या हाती चालू कागदपत्र उरत नाही आणि त्याला मायदेशी पाठवणे अवघड होते. अशी वेळ खरोखर येते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे भारतात येणारी आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली. चार दिवसांसाठी गेलेले लोक महिनोन् महिने परदेशात अडकले. ७ मे २०२० पासून सरकारने 'वंदे भारत' या मोहिमेखाली खास विमाने पाठवून त्यांना आणायला सुरुवात केली. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवा तर २७ मार्च २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. अशा वेळी सहा महिन्यांची शिल्लक किती कामाची, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून सौदी अरबस्तान, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया, सिंगापूर असे अनेक देश पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी असा नियम ठेवतात. युरोपातील ज्या देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो, त्यांची रीत थोडी निराळी आहे. तेथून निघण्याच्या नियोजित दिवसानंतर तीन महिने मुदत हवी, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. ब्रिटनला तुमचा मुक्काम पूर्ण होईपर्यंतची मुदत पुरते. नेपाळ आणि भूतान यांची गोष्टच वेगळी. तेथे भारतीय नागरिक निवडणूक ओळखपत्रावरही जाऊ शकतो.

सामान घेणाऱ्या मुलीचा खालांना फार राग आला होता. खरे तर तिचा काही दोष नव्हता. नियमात न बसणारा प्रवासी विमान कंपनीने नेला आणि पलीकडच्या देशाने त्याला दारातून परत पाठवले, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते. अनेक देश वर दंडही करतात. म्हणून कंपनी अगोदर स्वतःच तपासते. हे तपासणे यंत्रामुळे सोपे झाले आहे. फोटोच्या पानाच्या तळाशी इंग्रजी अक्षरे, आकडे आणि बाणासारख्या खुणा यांच्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळीत ४४ चिन्हे असतात. दुसऱ्या ओळीत पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख दडलेली असते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. ३१ डिसेंबर २०२६ ही तारीख तेथे २६१२३१ अशी दिसेल. घरी पासपोर्ट असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून ती शोधून पाहा.

आता थोडे गणित करू. समजा, तुमच्या पासपोर्टची मुदत १० फेब्रुवारी २०२८ रोजी संपते आणि २५ ऑगस्ट २०२७ रोजी तुम्हांला दुबईला जायचे आहे. २५ ऑगस्टमध्ये सहा महिने मिळवले की २५ फेब्रुवारी येते. म्हणजे पंधरा दिवस कमी पडले. १० ऑगस्टनंतर हा पासपोर्ट त्या प्रवासाला निरुपयोगी. मोजताना महिने इसवी सनाचे धरावेत. सहा चांद्रमहिन्यांचे सुमारे १७७ दिवस होतात, इसवी सनाचे सहा महिने त्याहून चार ते सात दिवस मोठे असतात. आणि बारा दिवसांनी काय होते ते आपण पाहिलेच. मी तर म्हणेन, निघण्याच्या दिवसापासून न मोजता परतण्याच्या दिवसापासून मोजावे.

हज कमिटी ऑफ इंडियाने २०२६ च्या हजसाठी जुलै २०२५ मध्ये अर्ज मागवले, तेव्हा पासपोर्ट किमान ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत चालू असावा अशी अट घातली. त्या वर्षी हजचे दिवस मेच्या अखेरीस. म्हणजे यात्रा झाल्यानंतरही सहा-सात महिने हातात राहतात. शिवाय पासपोर्ट अर्जाची मुदत संपण्यापूर्वी दिलेला असावा लागतो. आधी नंबर लागू द्या, मग पासपोर्ट काढू, असे म्हणून चालत नाही.

आपल्या घरातील वृद्धांना हे सारे नवीन वाटते, आणि त्याला कारण आहे. पूर्वी मुंबईहून जेद्द्याला हाजींची जहाजे जात; १९९५ मध्ये ती बंद झाली. त्या काळी आणि पुढेही काही वर्षे सरकार हज यात्रेकरूंना त्या एका यात्रेपुरता पास देत असे. यात्रा झाली की पासचे काम संपले. २००९ पासून आंतरराष्ट्रीय पासपोर्ट आवश्यक झाला. मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षांसाठी असतो. त्या सुमारास ज्यांनी पासपोर्ट काढले, त्यांची मुदत २०१९-२० मध्ये संपत आली. २०२० आणि २०२१ मध्ये बाहेरच्या देशांतील लोकांना हज करता आली नाही. २०२२ मध्ये ६५ वर्षांखालील लोकांनाच परवानगी मिळाली. माणूस वाट पाहत थांबला, पण पासपोर्टची तारीख कोणासाठी थांबत नाही.

मुदत संपत आली की त्याच पुस्तिकेवर शिक्का मारून ती वाढवतात, असा एक समज आहे. तसे होत नाही. नवीन पुस्तिका मिळते, आणि तिचा क्रमांकही नवीन असतो. यासाठी मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. अर्ज संगणकावर भरून पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यावी लागते. २०१७ पासून निवडक टपाल कार्यालयांतही अशी केंद्रे निघाल्यामुळे लांबच्या शहराची खेप पुष्कळांची वाचली आहे. जुनी पुस्तिका रद्द करून परत देतात. ती फेकू नये. तिच्यात एखादा चालू व्हिसा असेल, तर काही देश जुनी व नवी अशा दोन्ही पुस्तिका पाहून तो मान्य करतात. खालांच्या बाबतीत मात्र व्हिसा जुन्या क्रमांकावर निघाला होता. तो वाया गेला आणि नवा घ्यावा लागला. म्हणून आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग तिकीट, हा क्रम बदलू नये.

परदेशात असतानाच पासपोर्ट संपला तर? नोकरीला गेलेल्या माणसाने तेथील भारतीय दूतावासाकडे नव्या पासपोर्टसाठी अर्ज करायचा असतो. अगदीच अडचण आली, तर दूतावास भारतात परतण्यापुरता एक तात्पुरता दाखला देतो. त्यावर मायदेशी येता येते, दुसरीकडे कोठे जाता येत नाही.

तुमच्यासारख्या मुलांसाठी एक गोष्ट राहिली. अठरा वर्षांखालील मुलाचा पासपोर्ट पाच वर्षे, किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच चालतो. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्यांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. आई-वडील आणि मुले यांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढलेले असतात. वडील आपला पासपोर्ट उघडून तारीख पाहतात, निश्चिंत होतात, आणि मुलांचे उघडतच नाहीत. कपाटातील सगळ्या पासपोर्टांच्या तारखा एका कागदावर उतरवून काढणे, हे काम तुम्ही घरी सहज करू शकता.

खाला अखेर मेच्या शेवटी शारजाला पोहोचल्या. बाळ तेव्हा चाळीस दिवसांचे झाले होते. लाडू नव्याने करावे लागले. दुपटी मात्र तीच होती. पुढे बाळाला तीर्थपुरीला आणायचे ठरले. त्याच्यासाठी दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून पासपोर्ट काढला. पासपोर्ट हाती आल्याचे मुलीने फोनवर सांगितले, तेव्हा बाळाचा फोटो कसा आला हे विचारण्याआधी खालांनी विचारले, "तारीख कोणती आहे, ती वाच."