ऑफिसला जायचं, पण हेलिकॉप्टरने

डिसेंबर २०२१मध्ये आपल्या भोपाळने ग्रुप कॅप्टन वरुण सिंह यांना अखेरचा निरोप दिला, ते अनेकांना आठवत असेल. ८ डिसेंबरला कुन्नूरजवळ वायुसेनेचं हेलिकॉप्टर कोसळलं. आतल्या १४ जणांपैकी १३ जण त्याच दिवशी गेले. वरुण सिंह आठवडाभर झुंजले आणि १५ तारखेला तेही गेले.

सैनिकाच्या नोकरीत धोका असतो, हे आपण धरूनच चालतो. पण बी.ई. झालेल्या, साध्या पगारदार माणसाचं काय? मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. तिथे १४ दिवस काम आणि १४ दिवस सुट्टी अशी पाळी असते. आपण अयोध्या नगरातून स्कूटर काढून कामाला जातो, तसे ते लोक जुहूहून हेलिकॉप्टरने जातात. त्यांच्यासाठी ती चैन नाही, ती ऑफिसची बस आहे.

या बसचे अपघातही झालेत. ११ ऑगस्ट २००३ रोजी ओएनजीसीच्या लोकांना नेणारं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं आणि २७ जण गेले. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी जुहूहून निघालेलं पवन हंसचं हेलिकॉप्टर कोसळलं. त्यात ओएनजीसीचे ५ अधिकारी आणि २ वैमानिक होते. कोणीही वाचलं नाही. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ या रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं. ९ पैकी ५ जण वाचले, ४ जण गेले.

पाण्यावर उतरूनही माणसं का जातात? हेलिकॉप्टरचं इंजिन, गिअरबॉक्स आणि रोटर असं सगळं वजन डोक्यावर असतं. त्यामुळे पाण्यात ते पटकन उलटं होतं. बाजूला फुगे असतात, पण लाटा उंच असल्या की त्यांचाही भरवसा नसतो. उलट्या, पाण्याने भरलेल्या केबिनमध्ये वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासं होतं.

म्हणून समुद्रावर जाणाऱ्यांना आधी एक प्रशिक्षण देतात. तलावात खोटी केबिन बुडवून उलटी करतात. एक हात खिडकीच्या कडेवर ठेवायचा, हालचाल थांबेपर्यंत बसून राहायचं, मगच पट्टा सोडायचा आणि त्याच हाताच्या दिशेने बाहेर पडायचं. लाइफ जॅकेट आत असताना कधीही फुगवायचं नाही, कारण फुगलेलं जॅकेट माणसाला वर ढकलून आतच अडकवतं. हे वाचून येत नाही, अंगवळणीच पडावं लागतं.

धोका फक्त उडताना असतो असंही नाही. एप्रिल २०२३मध्ये केदारनाथला यात्रेच्या तयारीची पाहणी करायला गेलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याचा शेपटीच्या रोटरचा फटका बसून मृत्यू झाला. तो रोटर फिरताना जवळजवळ दिसतच नाही. म्हणून हेलिकॉप्टरकडे नेहमी समोरून, वैमानिकाला दिसेल असं आणि त्याने खूण केल्यावरच जायचं. मागून कधीच नाही. यात्रेला आई-बाबांना हेलिकॉप्टरने पाठवणार असाल, तर एवढं त्यांना नक्की सांगा.

आणि आपल्यातल्या कोणाला समुद्रावरची नोकरी मिळाली, तर पेढे जरूर वाटा, पण रुजू होण्याआधी काही प्रश्न विचारा. प्रशिक्षण कधी आणि कोणाच्या खर्चाने? ते पुन्हा किती वर्षांनी? विमा किती रकमेचा, आणि आपण ठेकेदाराच्या हाताखाली असलो तर तो भरणार कोण? हवा खराब असताना ‘आज नाही जाणार’ म्हटलं, तर पगार कापणार का?

मुलाखतीत असं विचारायला संकोच वाटतो. पगाराचा आकडा मात्र आपण दोनदा विचारतो. त्याच दमात हेही विचारावं. चांगली कंपनी याची उत्तरं कागदावर देते. जी देत नाही, तिच्याबद्दल घरी बसून नीट विचार करावा.