बेंबीमागचा ठोका

पाथरीत काय किंवा सेलू-मानवतला काय, तापाच्या पेशंटला आधी सलाईन लागतं आणि त्यातूनच अँटिबायोटिक जातं. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. पण साठी ओलांडलेला, मधुमेह असलेला माणूस, ताप उतरून पुन्हा चढतोय, कंबर धरलीय आणि बेंबीमागं काहीतरी उडतंय, असं असेल तर? घरचे म्हणतात, बेंबी सरकली. मग चोळणाऱ्याला निरोप जातो. हे चोळणं जिवावर बेतू शकतं.

उडते ती पोटातली महाधमनी असू शकते. तिची रुंदी साधारण २ सेंटीमीटर. ३ च्या वर गेली की फुगवटा. साधा फुगवटा वर्षानुवर्षं सावकाश वाढतो. भिंतीत जंतू शिरले की काही दिवसांतही तो फुटण्याच्या बेताला येतो. विल्यम ऑस्लरनं १८८५ मध्ये असे फुगवटे हृदयाच्या झडपांच्या संसर्गाशी जोडले. आज साल्मोनेला आणि स्टॅफिलोकोकस हे नेहमीचे गुन्हेगार. क्वचित क्षयाचे जंतू, किंवा कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला.

सोनोग्राफीत फुगवटा दिसतो, संसर्गाचा माग मात्र सीटी अँजिओग्राफी काढते. किडनीची क्रिएटिनिन तपासणी पाहून शिरेतून डाय सोडतात, टेबल सरकतं आणि काही सेकंदांत शेकडो काप हाती येतात. रेडिओलॉजिस्ट बघतो ती धमनीच्या एकाच अंगाला आलेली पिशवी, भोवतीची गढुळलेली चरबी, कधी हवेचे बारीक बुडबुडे. आठवड्यापूर्वीचा स्कॅन शेजारी असेल तर वाढीचा वेगच निदान सांगून जातो.

माझ्या मते खरी चूक त्याआधीच होते. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी वेगवेगळ्या शिरांतून ब्लड कल्चरचं रक्त घ्यायला काही मिनिटं लागतात. ते राहिलं की जंतू सापडणं अवघड होतं आणि पुढचे कित्येक आठवडे औषध अंदाजानं द्यावं लागतं.

नुसत्या औषधावर सहसा भागत नाही. साध्या फुगवट्याला पुरुषांत ५.५ सेंटीमीटरपर्यंत थांबता येतं. इथं तो हिशेब चालत नाही. पोट उघडून सडलेली भिंत काढतात आणि रिफाम्पिसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेली कृत्रिम नळी किंवा पेशंटच्याच मांडीतली शीर जोडतात. दुसरी वाट जांघेतून स्टेंट ग्राफ्ट सरकवण्याची. शरीराला ती सोसते, पण जंतू आतच राहतात. तरीही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या देशव्यापी अभ्यासात सुरुवातीचे महिने तगण्यात स्टेंटवाले पुढे होते. औषध मात्र दोन्हीकडे निदान काही आठवडे, कधी जन्मभर.

म्हणून तापासोबत पोटात ठोका लागत असेल तर चोळू नका. डॉक्टरांना कल्चर आणि सोनोग्राफीचं विचारा. पोटात किंवा पाठीत एकाएकी असह्य कळ येऊन घाम फुटला, भोवळ आली, तर थेट १०८ ला फोन करा.