पाड्यावरचे बाळ आणि रक्तवाहिनीचे अस्तर

दोन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या अंगात सगळे मिळून १६० ते १८० मिलिलिटर रक्त असते. त्यातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, केशवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर झिरपू लागला तर बाळाचा रक्तदाब फार काळ टिकत नाही. नवजात बाळांच्या सेप्सिसमध्ये, म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गात, हेच घडते. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात पाड्यावरून दवाखाना गाठायलाच कित्येक तास जातात. तिथे ही झिरप कशी सुरू होते हे कळले, तर बाळाला वाचवायला हाताशी किती थोडा वेळ असतो हेही कळते.

एका पेशीइतकी भिंत

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. त्याला एंडोथेलियम म्हणतात. केशवाहिनीची भिंत म्हणजे जवळपास हे अस्तरच. तिची जाडी बहुतेक ठिकाणी एका मायक्रोमीटरहूनही कमी असते. शेजारशेजारच्या पेशी व्हीई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना घट्ट धरून असतात. रक्ताकडच्या बाजूला त्यांच्यावर शर्करा आणि प्रथिनांची बारीक लव असते. या लवेमुळे रक्तपेशी भिंतीला चिकटत नाहीत आणि रक्तद्रव वाहिनीतच राहतो.

क्लेबसिएला किंवा ई. कोलायसारखे जंतू रक्तात शिरले की त्यांच्या बाह्य आवरणातला लायपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ रक्तात मिसळतो. तो ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) म्हणजे टीएलआर-४. हा शोध ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये लावला आणि बॉयटलर २०११ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. हा ग्राहक पांढऱ्या पेशींवर असतो, तसाच अस्तराच्या पेशींवरही असतो. त्यामुळे संसर्गाची वर्दी अस्तरालाही मिळते आणि ते आपले रूप बदलते. वरची लव झडते. पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे रेणू पृष्ठभागावर येतात. पेशींमध्ये साठवलेले अँजिओपोएटिन-२ हे प्रथिन बाहेर पडते आणि पेशींची एकमेकींवरची पकड सैल करते. एरवी रक्त गोठू न देणारे हेच अस्तर आता गुठळ्या होऊ देते.

एखाद्या बोटाला जखम झाली असती तर हे सारे उपकारकच ठरले असते. पांढऱ्या पेशी त्या जागी पोहोचल्या असत्या आणि जंतू तिथेच संपले असते. सेप्सिसमध्ये मात्र हाच बदल एकाच वेळी सगळ्या अंगात होतो. फुप्फुसांत पाणी साचते, मूत्रपिंडांना रक्त कमी पडते, बारीक वाहिन्या गुठळ्यांनी तुंबतात. काही जंतू मेंदूच्या वाहिन्यांचे अस्तरही ओलांडतात आणि मेंदूज्वर होतो. खेकड्यांनी पोखरलेला भातखाचराचा बांध वरून धड दिसतो, पण खाचर रिकामे होत असते. या बाळाचेही तसेच असते. बाहेरून ते नुसते मलूल दिसते, आत रक्ताभिसरण कोसळत असते.

कमी वजनाचे बाळ आधी का सापडते

आईकडून बाळाला मिळणारी प्रतिपिंडे मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून जातात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ती पुरेशी मिळालेली नसतात. त्याची त्वचा पातळ असते आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा साठाही तुटपुंजा असतो. जव्हार-मोखाड्यात हा प्रश्न आईच्या ताटापासून सुरू होतो. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागातील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून या भागाचे नाव कुपोषणाशी जोडले गेले आहे. आईच्या अंगात रक्त कमी, पोटाला पुरेसे नाही आणि कामाला विसावा नाही, की बाळ अडीच किलोंच्या आत जन्मण्याचा धोका वाढतो. अशा बाळाला संसर्ग लवकर गाठतो आणि झिरप सोसायला त्याच्याकडे रक्तही थोडेच असते.

प्रतिजैविके जंतूंना मारतात. सैल झालेले अस्तर थेट सांधणारे औषध मात्र अजून नवजात बाळांच्या नेहमीच्या उपचारांत आलेले नाही. म्हणून औषधाचा पहिला डोस अस्तर कोलमडण्याआधी पडला पाहिजे.

बोटाने वाचता येणारी खूण

रक्तवाहिन्यांची ही अवस्था यंत्राशिवायही ओळखता येते. प्रशिक्षित परिचारिका बाळाच्या छातीच्या मधोमध बोटाने पाच सेकंद दाबते आणि बोट उचलते. पांढरी पडलेली जागा तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली नाही, तर त्वचेपर्यंत रक्त नीट पोहोचत नाही असे समजायचे. पोट कोमट आणि तळपाय गार लागणे हीही धोक्याची खूण आहे. गावातल्या आरोग्य स्वयंसेविका असलेल्या आशाताईंच्या पिशवीत थर्मामीटर, घड्याळ आणि झोळीचा वजनकाटा असतो. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, छाती आत ओढली जाणे, अंग तापणे किंवा गार पडणे, झटके येणे, बाळाने दूध ओढणे सोडणे, हलवल्याशिवाय हालचाल न करणे: यातले एक लक्षण दिसले तरी थांबायचे नाही.

ओळख आणि औषध दोन्ही गावातच मिळाले तर काय होते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांमध्ये गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची तपासणी करायला आणि सेप्सिससाठी जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते आणि नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. याच वाटेने २०११ मध्ये देशभर आशांच्या गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात नेणे शक्यच नसेल तेव्हा एएनएमने, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेने, जेंटामायसिन द्यावे, अशी मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१४ मध्ये काढली.

जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयावर आजूबाजूच्या पाड्यांची मोठी भिस्त आहे. तिथून पुढे नाशिकला पाठवायचे झाले तर घाटरस्त्याने सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास असतो. डोंगरातल्या काही पाड्यांवरून आजही आजाऱ्याला झोळीतून सडकेपर्यंत आणावे लागते. दूध न ओढणाऱ्या बाळासाठी हे तास फार महाग पडतात. म्हणून पाड्याचा रस्ता, उपकेंद्रात शिल्लक असलेले इंजेक्शन, आशाताईंना वेळेवर मिळणारे मानधन आणि गरोदर बाईचे भरलेले ताट या सगळ्यांची गणना नवजात बाळाच्या उपचारातच व्हायला हवी.

घरात तान्हे बाळ असेल तर त्याला कोरडे आणि उबदार ठेवा, हात धुऊनच उचला, नाळेला काही लावू नका, आईचेच दूध पाजा. आणि बाळाने दूध ओढणे सोडले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. त्याच क्षणी आशाताईंना हाक मारा आणि १०८ ला फोन करा.