न जुळणारी कॅश

माझी भाची मनोविकारशास्त्राची निवासी डॉक्टर आहे. मागच्या दिवाळीत दोन दिवस आमच्याकडे राहिली. रात्री शेजारच्या घरात फोन वाजला आणि ही ताडकन उठून चपला शोधू लागली. "सवय हो, मामा," म्हणाली आणि पुन्हा झोपली. झोपली कसली, पडून राहिली!

'कॉलवर' असणं म्हणजे धड जागणं नव्हे, धड झोपणंही नव्हे. रात्री दोनला वॉर्डातून बोलावणं येतं. विष घेतलेला मुलगा शुद्धीवर आलाय, 'पुन्हा नाही करणार' म्हणतोय. त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा? हाड मोडलं तर एक्स-रे दाखवतो. इथे मुलाचा चेहरा, बापाचं बोलणं आणि स्वतःचं शिणलेलं डोकं, एवढंच हाताशी.

बँकेत आमची कॅश जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे. पाच रुपयांच्या फरकासाठी व्हाउचरं पालथी घातली आहेत. पण एकदा जुळली, की तिजोरीला कुलूप आणि डोक्यालाही. भाचीची कॅश जुळतच नाही. घरी सोडलेला पेशंट नीट आहे का, हे कधी आठवड्यानं कळतं, कधी कधीच नाही.

पहिल्या वर्षी तिचा असा एक पेशंट गेला. केसपेपर तपासला गेला. 'तू कशी आहेस?' हे मात्र कुणी विचारलं नाही. आता ती स्वतःच काही गोष्टी पाळते. शंका आली की रात्रीच सीनियरना उठवते. पूर्वी तिला त्याची लाज वाटे. सकाळी पुढच्या डॉक्टरला पेशंट सोपवताना मनातली भीतीही सांगून टाकते. पण झोपेचं काय? १९९२ च्या केंद्रीय नियमांत निवासी डॉक्टरांना साधारणपणे आठवड्याला ४८ तास काम सांगितलं होतं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं सुचवलेली मर्यादा ७४ तासांची. बत्तीस वर्षांत कागदावरचे तासही वाढले!

२०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेली-मानस' सेवा रात्रंदिवस चालते. जीव नकोसा झालेल्यानं तो जरूर फिरवावा. तिथेही पहाटे कुणीतरी असंच जागत बसलेलं असतं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी भाची निघाली. बायकोनं चिवड्याचा डबा हातात ठेवला, "रात्रीच्या सिस्टरांनाही दे गं."

"त्यांनाच आधी, मामी," ती म्हणाली. "पेशंट रात्रभर भिंतीकडे तोंड करून होता, हे मला त्याच सांगतात."