एका शून्याच्या पाच नोटिसा

इंग्लंडमधल्या गाडीच्या पाटीवर शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ हुबेहूब सारखे दिसतात. पाटीसाठी ठरवून दिलेल्या टायपात दोघांचा आकार एकच, त्यामुळे कोण कुठला हे जागेवरून ओळखायचं. सप्टेंबर २००१पासून तिथे नव्या गाडीला दोन अक्षरं, दोन आकडे आणि मग तीन अक्षरं असा नंबर मिळतो. मधल्या दोन जागा आकड्यांच्या, म्हणून तिथला गोल हा शून्यच असतो. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात नोंदलेल्या गाड्यांच्या नंबरात मधोमध २० येतात, आणि पार्किंग परमिटचा ऑनलाइन अर्ज भरताना चुकायला ते पुरतं.

वायव्य लंडनच्या एका बरोत (स्थानिक कौन्सिलच्या हद्दीत) राहणाऱ्या, मूळच्या नाशिकच्या एका नर्सच्या बाबतीत हेच घडलं. जुनी गाडी विकून तिने सेकंडहँड गाडी घेतली. दारासमोरच्या राखीव जागेत गाडी लावायचं रहिवासी परमिट तिच्याकडे होतंच, त्यावरचा नंबर तेवढा बदलायचा होता. कौन्सिलच्या संकेतस्थळावर तिने नवा नंबर भरला आणि २० लिहिताना शून्याच्या जागी ‘ओ’ टाइप झाला. संकेतस्थळाने तो बिनतक्रार घेतला, फी कापली, परमिट मिळाल्याची ईमेलही पाठवली. दोनच दिवसांनी आईच्या ऑपरेशनसाठी ती नाशिकला गेली. परत आली तेव्हा काचेवर वायपरखाली पाच पिवळी प्लास्टिकची पाकिटं होती.

पूर्वी परमिट म्हणजे काचेच्या आत लावायचा कागद असे. पार्किंग तपासणारा वॉर्डन वाकून तो वाचायचा. गल्लीचा झोन बरोबर आहे, मुदत बाकी आहे, एका अक्षराची गडबड आहे, हे माणसाच्या डोळ्याला दिसत असे. आता बहुतेक बरोंमध्ये परमिट फक्त संगणकात असतं. वॉर्डन हातातल्या यंत्रात पाटीवरचा नंबर घालतो आणि यंत्र उत्तर देतं, परमिट नाही. ‘ओ’ आणि शून्य यंत्राच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉर्डनने गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले, दंडाची नोटीस छापली, पाकिटात घालून लावली आणि तो पुढे गेला. त्याने काहीही चुकीचं केलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या, तिसऱ्या दिवशीच्या वॉर्डननेही तेच केलं.

लंडनमधल्या वरच्या गटातल्या रस्त्यांवर अशा नोटिशीची रक्कम एप्रिल २०२५पासून १६० पौंड आहे. चौदा दिवसांच्या आत भरली तर निम्मी, म्हणजे ८०. पाच नोटिसांचे पूर्ण ८०० पौंड होतात. पहिल्या दोन नोटिसांची सवलत तर ती नाशिकला असतानाच संपलेली होती. या क्षणी बहुतेक माणसं करतात तेच तिच्याही मनात आलं, की उरलेल्या तिन्हींचे ८०-८० भरून टाकावेत आणि मोकळं व्हावं. निम्म्या रकमेची ही सवलत सोयीची आहे हे खरं, पण ती दबावही टाकते. पैसे भरले की प्रकरण तिथेच बंद होतं आणि त्या नोटिशीला पुन्हा हरकत घेता येत नाही. चूक प्रामाणिक असलेल्या माणसाने घाबरून घाईने पैसे भरावेत, ही गोष्ट मनाला पटत नाही.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात ओळख झालेले एक निवृत्त गृहस्थ तिच्या मदतीला आले. नोकरीची शेवटची काही वर्षं त्यांनी दुसऱ्या एका बरोच्या पार्किंग विभागात लोकांची हरकतीची पत्रं वाचण्यात घालवली होती. त्यांनी टेबलावर पाचही नोटिसा तारखेप्रमाणे लावल्या आणि प्रत्येकीवर पेन्सिलीने शेवटची तारीख लिहिली.

“काका, चूक एकच आहे ना? मग एकच पत्र चालेल,” ती म्हणाली.

“चूक एक आहे गं, पण नोटिसा पाच आहेत. प्रत्येकीचा नंबर वेगळा, घड्याळ वेगळं. एकीचं उत्तर राहिलं तर ती एकटीच वाढत जाईल.”

वाढत जाते ती अशी. काचेवरच्या नोटिशीवर आधी अनौपचारिक हरकत घेता येते. ती फेटाळली गेली, किंवा अठ्ठावीस दिवस काहीच केलं नाही, तर गाडीच्या नोंदणीकृत मालकाला टपालाने ‘नोटीस टू ओनर’ येते. ती नोंदणी पुस्तकातल्या पत्त्यावर जाते. घर बदलून तिथला पत्ता न बदललेल्या माणसाला ती मिळतच नाही. तिच्यावर औपचारिक हरकत घ्यायला पुन्हा अठ्ठावीस दिवस असतात. त्यातही गप्प बसलं तर रक्कम निम्म्याने वाढते, १६०चे २४० होतात. मग नॉर्थॅम्प्टनच्या न्यायालयातल्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये ते कर्ज म्हणून नोंदलं जातं, आणि शेवटी वसुलीवाले दारात येतात. हे कायद्याच्या भाषेत दिवाणी कर्ज आहे, गुन्हा नव्हे. १९९१च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने पार्किंगचा मोठा भाग पोलीस आणि फौजदारी कोर्टाकडून काढून कौन्सिलांकडे दिला, आणि आज तो २००४च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्टखाली चालतो. दारात आलेल्या वसुलीवाल्यापुढे मात्र दिवाणी आणि फौजदारीतला फरक घरातल्यांना फारसा जाणवत नाही.

तिने लिहिलेलं पहिलं पत्र दीड पानाचं होतं. आईचं ऑपरेशन, विमानाची तिकिटं, रात्रपाळ्या, कर वेळेवर भरल्याची वर्षं, सगळं त्यात होतं. काकांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “आईचं एका ओळीत ठेव. तू इथे नव्हतीस, एवढं सांगायला ते लागतं. वाचणाऱ्याला तुझ्याबद्दल वाईट वाटेलही, पण फाइलवर लिहायला त्याला कारण हवं. ते कारण आपण त्याच्या हातात द्यायचं.”

या कामाची सगळी नस इथे आहे. माफ करायचा अधिकार कौन्सिलला असतो. नियम तुटला हे मान्य करूनही ती कुठल्याही टप्प्यावर नोटीस मागे घेऊ शकते. सरकारची मार्गदर्शक सूचनाही हेच सांगते, की प्रत्येक प्रकरण त्याच्या परिस्थितीनुसार पाहावं, ठरीव उत्तर देऊ नये. कौन्सिलने नकार दिला तर अपील जातं लंडन ट्रायब्युनल्सकडे. तिथला ॲड्ज्युडिकेटर हा कौन्सिलशी संबंध नसलेला स्वतंत्र वकील असतो. तो कायदा तपासतो. नुसती परिस्थिती कणव यावी अशी आहे, एवढ्यावर त्याला नोटीस रद्द करता येत नाही. म्हणून चुकीची कबुली आणि माफीची विनंती करायची जागा कौन्सिलला लिहिलेलं पत्र हीच. बरेच लोक कौन्सिलला दोन ओळी खरडतात आणि सगळं म्हणणं ट्रायब्युनलसाठी राखून ठेवतात. मग ट्रायब्युनल सहानुभूतीने ऐकतं आणि अपील फेटाळतं.

नव्या पत्रात पहिली ओळ होती, की परमिट घेतलं होतं, पैसे भरले होते, एक अक्षर चुकलं. सोबत कौन्सिलचीच ईमेल जोडली, तिच्यात चुकीचा नंबर छापलेला होता. नोंदणी पुस्तकाचं पान, विम्याचा कागद. मग सगळ्यात वजनदार मुद्दा: कौन्सिलच्या नोंदीतल्या नंबरात चौथ्या जागी अक्षर आहे, आणि सध्याच्या मालिकेत तशी पाटी असूच शकत नाही. सरकारच्या वाहन नोंदणी संकेतस्थळावर तो नंबर घालून पाहिला तर गाडी सापडत नाही. त्या पानाचाही स्क्रीनशॉट जोडला. म्हणजे त्या परमिटवर दुसरी कुणाची गाडी लागली, कुणी एका परमिटवर दोन गाड्या चालवल्या, असं होणंच शक्य नव्हतं. कौन्सिलचं एका पेनीचंही नुकसान झालेलं नव्हतं.

दुसरा मुद्दा फोटोंमधून निघाला. नोटिशीच्या नंबरावरून वॉर्डनने काढलेले फोटो कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येतात. ती ते एकामागून एक मोठे करून पाहत होती. दुसऱ्या नोटिशीच्या फोटोत वायपरखाली एक पिवळं पाकीट आधीच होतं. तिसऱ्यात दोन होती. पाचव्यात चार, आणि सगळ्यात खालचं पावसाने सुरकुतलेलं. समोरच्या चाकाशी पडलेलं झाडाचं एक वाळकं फाटं पाचही फोटोंत त्याच जागी होतं. गाडी हललीच नव्हती, याचा पुरावा कौन्सिलनेच जमवून ठेवला होता. गाडी न हलता एकाच जागी उभी राहिली तर नियमभंग एकच, त्याच्या पाच नोटिसा होत नाहीत, असा युक्तिवाद या प्रकरणांत केला जातो आणि अनेक ॲड्ज्युडिकेटरांनी तो उचलून धरला आहे. एकाचा निर्णय दुसऱ्यावर बंधनकारक नसतो, त्यामुळे खात्री देता येत नाही; पण पत्रात तो असायलाच हवा होता.

शेवटी मागणी स्पष्ट लिहिली. पाचही रद्द कराव्यात; ते मान्य नसेल तर निदान पहिलीनंतरच्या चार. हेच पत्र, वरचा नोटीस क्रमांक बदलून, पाच वेळा गेलं, आणि प्रत्येकात बाकीच्या चारांचे क्रमांक दिलेले होते.

कौन्सिल आणि पैसा यांच्या नात्याबद्दल इथे थोडं सांगायला हवं. पार्किंगमधून उरलेला पैसा कशावर खर्च करायचा याला १९८४च्या कायद्याच्या कलम ५५ने बंधन घातलं आहे. तो मुख्यतः रस्ते आणि वाहतुकीकडेच जायला हवा. बार्नेट बरोने रहिवासी परमिटची फी ४० पौंडांवरून १०० वर आणि पाहुण्यांच्या व्हाउचरची एकावरून चारवर नेली, तेव्हा डेव्हिड ॲटफिल्ड नावाच्या रहिवाशाने हायकोर्टात आव्हान दिलं. जुलै २०१३मध्ये न्यायमूर्ती लँग यांनी ती वाढ बेकायदा ठरवली, कारण उत्पन्न मिळवण्यासाठी हा अधिकार वापरता येत नाही. परमिट हे रस्त्यावरची जागा नीट वाटून देण्याचं साधन आहे. या नर्सने आपल्या वाट्याच्या जागेत, आपल्या वाट्याचे पैसे भरून गाडी लावली होती. तिच्याकडून ८०० पौंड घेतल्याने गल्लीतली कुठलीच जागा मोकळी होणार नव्हती.

आश्चर्य वाटेल, पण खासगी पार्किंगवाल्यांनी या बाबतीत कौन्सिलांच्या पुढे पाऊल टाकलं आहे. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनच्या आचारसंहितेत २०२०पासून लिहिलं आहे, की गाडीचा नंबर घालताना शून्याचा ‘ओ’ झाला, एकचा ‘आय’ झाला किंवा एखादं अक्षर चुकलं, तर अपील आल्यावर दंड रद्द करावा. सुपरमार्केटच्या आवारात ज्या चुकीला लेखी माफी आहे, त्याच चुकीसाठी स्वतःच्या दारासमोर माफी मागत बसावं लागतं. कौन्सिलांनी हा नियम आता तरी उचलावा.

अनौपचारिक हरकती पाचही फेटाळल्या गेल्या. पाच पत्रांत एकच परिच्छेद होता: अर्जात बरोबर नंबर देणं ही परमिटधारकाची जबाबदारी आहे. सवलतीची मुदत पुन्हा चौदा दिवस वाढवून दिली होती. ती खचली. काका म्हणाले, हे पत्र यंत्राने निवडलेलं आहे, तुझं पत्र अजून कुणी वाचलेलं नाही. मालकाच्या नावाच्या नोटिसा आल्या तशी औपचारिक हरकत गेली. तिला कौन्सिलने छप्पन्न दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. नाही दिलं तर हरकत मान्य झाली असं कायदा धरतो.

उत्तर आलं. चार नोटिसा रद्द, गाडी एकाच जागी होती हे मान्य. पहिली कायम.

एक नोटीस, तीही कौन्सिलने पुन्हा देऊ केलेल्या निम्म्या रकमेत मिटवता येण्यासारखी. अपीलात गेलं तर ती सवलत जाते आणि हरल्यास १६० भरावे लागतात. अपीलाची फी नसते, आणि उगाच त्रास द्यायला अपील केलेलं नसेल तर समोरच्याचा खर्चही माथी येत नाही. तिने धोका पत्करला. सुनावणी फोनवर झाली. ॲड्ज्युडिकेटरने आधी कायद्याचं सांगितलं: त्या पाटीच्या गाडीला त्या दिवशी परमिट नव्हतं, म्हणून नियमभंग झाला आणि अपील मंजूर करता येत नाही. मग विचारलं, चूक कळल्यावर नंबर कधी दुरुस्त केला? तिने तारीख सांगितली, दुरुस्तीची ईमेल आधीच जोडलेली होती. परतल्याच्या संध्याकाळीच.

परिस्थिती तशीच सबळ असेल तर ॲड्ज्युडिकेटरला आणखी एक वाट असते. तो स्वतः रद्द करत नाही, पण नोटीस मागे घ्यावी अशी शिफारस कौन्सिलकडे पाठवतो. कौन्सिलला तिचा नव्याने विचार करून पस्तीस दिवसांत कळवावं लागतं. इथे तशी शिफारस झाली आणि कौन्सिलने ती मानली. पत्र चार ओळींचं होतं, त्यात एक वाक्य असं, की पुन्हा अशी चूक झाल्यास विचार केला जाणार नाही.

त्या पत्राला तिने उत्तर पाठवलं. आकड्याच्या जागी अक्षर घातलेला नंबर तुमचा अर्ज स्वीकारतोच कसा, असं त्यात विचारलं होतं, आणि नंबर घेतानाच तो वाहन नोंदणीशी ताडून पाहावा, अशी मागणी केली होती. काकांनी त्यातलं एकही वाक्य कापलं नाही.